उजव्या बाजूची पद्मा

यादगिरी मास्तर गेले तेव्हा दारात जमलेले लोक म्हणत होते, "फार शांत माणूस होता हो." मी म्हटलं, कोण? कुठल्या मास्तरांबद्दल बोलताय? मेल्या माणसाला एका दिवसात असं गुळगुळीत करून टाकायचं, ही काय पद्धत झाली? सोलापूरच्या पूर्व भागात मास्तरांशी भांडण झालं नाही असा माणूस मला दाखवा. चहावाल्याशी साखरेवरून, रिक्षावाल्याशी वळणावरून, मालकांशी मोराच्या मानेवरून आणि माझ्याशी रोज, कशावरूनही.

या भांडखोर माणसाला शेवटी शेवटी एकच गोष्ट हवी होती. वारलेल्या बायकोचा चेहरा हवा होता, लेकीला दाखवायला. ते जमलं नाही. ते कसं राहून गेलं, हे सांगावं म्हणून लिहायला बसले.

आमच्या कारखान्यात चादरी विणायचे आणि भिंतीवर लावायची चित्रं विणायचे. पुढच्या खोलीत मी, ऑफिस सांभाळायला. मागच्या खोलीत मास्तर, डिझाइन काढायला. विणायचं डिझाइन म्हणजे चौकोनांची जाळी. एक चौकोन म्हणजे कापडावरचा एक ठिपका. मास्तर चौकोनाला 'घर' म्हणायचे. भरलेलं घर मरून, कोरं घर बिस्किटी. या दोन रंगांत त्यांनी मोर काढले, कमळं काढली, देव काढले. सावली पाहिजे असेल तिथं एक घर भरायचं, एक सोडायचं. जवळून बघितलं तर नुसते ठिपके, चार पावलं मागे गेलं की गालावर उतरती सावली. "लांबनं बघ गं," ते ओरडायचे, "मोराच्या नाकाला नाक लावून बसलीस व्हय!"

तीसेक वर्षं त्यांनी हे सगळं ब्रशनं ग्राफच्या कागदावर केलं. मग मालकांनी कॉम्प्युटर आणला आणि मास्तरांनी मालकांशी अबोला धरला. बोलायचं झालं तर माझ्यामार्फत. मालक शेजारी उभे असले तरी म्हणायचे, "नसीम, तुझ्या मालकाला सांग, माझ्या बोटाला शेपटीवाला उंदीर बांधू नको म्हणावं." विणकामाचं म्हणून जे मोठं सॉफ्टवेअर आणलं होतं, त्याला त्यांनी शेवटपर्यंत हात लावला नाही. पण एका दुपारी मी त्यांना साधं पेंट उघडून दिलं. मोठं केलं, चौकोनांच्या रेघा चालू केल्या आणि एक घर लाल करून दाखवलं. मग ते पुसून दाखवलं.

"पुसतं?" मास्तर म्हणाले.

"पुसतं की."

"डाग राहत न्हाय?"

"नाही."

कागदावर एक घर चुकलं तर ते ब्लेडनं खरवडावं लागायचं आणि खरवडलेली जागा कायमची खडबडीत व्हायची. मास्तरांनी ते घर भरलं, पुसलं, परत भरलं, परत पुसलं. पोराच्या हातात दिव्याचं बटण आल्यासारखं चाललं होतं. संध्याकाळी ते स्वतः मालकांच्या टेबलाशी गेले आणि म्हणाले, "खुर्ची बारकी हाय. दुसरी द्या." अबोला संपला.

त्यांची एक खोड मात्र गेली नाही. रंग बदलायचा झाला की आधी माउस फडक्याला पुसायचे. मरून झाला, पुसला. बिस्किटी झाला, पुसला. मी म्हटलं, "मास्तर, त्याला रंग लागत नाही हो." तर म्हणाले, "तुला दिसत न्हाय. मला दिसतो." आता काय बोलणार, कपाळ!

नम्र वगैरे ते अजिबात नव्हते. आपलं डिझाइन दिसलं की ते सांगितल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागायचं नाही. माझे अब्बा दवाखान्यात होते तेव्हा मास्तर भेटायला आले. हातात केळी. अब्बांना विचारलं, "बरं हाय ना?" आणि उत्तर ऐकायच्या आत शेजारच्या खाटेकडे वळले. तिथं कुणी पाय मोडलेला म्हातारा झोपला होता. मास्तरांनी त्याच्या अंगावरच्या चादरीचं टोक उचललं, उलटं केलं, चष्मा वर घेतला. म्हातारा घाबरून बघत राहिला. "ही वेल माझी," मास्तर त्याला म्हणाले. "लई जुनी. जपून वापरा." म्हातारा म्हणाला, "व्हय मास्तर, मीच विणली असंल ती." निघाला कुठल्याशा कारखान्यातला जुना विणकर. मग काय, दोघं तासभर मालकांना शिव्या देत बसले. अब्बा मला म्हणाले, "ये मेरे को देखने आया की चादर को?" त्या आजारपणात अब्बा पहिल्यांदा हसले ते तेव्हा.

मलाही त्यांनी दोन धडे शिकवले. कामाला लागल्यावरच्या पहिल्या ईदला मी हौसेनं पेंटमध्ये चंद्र काढला, चांगला गोल, आणि मास्तरांना न विचारता तुकडा विणून घेतला. विणून आला तो दुधी भोपळा. मास्तर पोट धरून हसले. उभे धागे दाट, आडवे विरळ, त्यामुळे स्क्रीनवरचं चौकोनी घर कापडावर उभट होतं. म्हणून स्क्रीनवर सगळं बसकं काढायचं. मास्तरांचे मोर स्क्रीनवर बदकासारखे दिसायचे आणि कापडावर आले की मान ताठ.

दुसरा धडा त्याहून मोठा. आमचं कापड मागावर पालथं विणतात, सुलटी बाजू खाली. म्हणून चित्र पूर्ण झालं की आरशात दिसतं तसं उलटं करायचं आणि मगच पुढे द्यायचं. नाहीतर कापडावर उजव्याचं डावं होतं. हे कुणी विसरलं की मास्तर त्याचा खानदानी उद्धार करायचे. कॉम्प्युटरच्या कडेला त्यांनी चिठ्ठी चिकटवली होती, "उलटं केलं का?" खाली तेच तेलुगूत, म्हणजे कुणी पळवाट काढायला नको.

त्यांच्या घरात तेलुगू. मला समजतं. पूर्व भागात जन्म काढून तेलुगू येत नसेल तर कानात बोळेच म्हणायचे. घर म्हणजे तरी कोण, ते आणि लेक सुजाता. बायको पद्मा, सुजाता अगदी लहान असताना तापानं गेली. मास्तरांनी दुसरं लग्न केलं नाही. वेणी घालायला शिकले आणि तिच्याशीही भांडत भांडत तिला वाढवलं.

सुजाताचं लग्न ठरलं, मुलगा भिवंडीचा. एका दुपारी ती मास्तरांचा डबा घेऊन आली. डबा ठेवला आणि तिथंच उभी राहिली.

"नान्ना," ती म्हणाली. नान्ना म्हणजे बाबा. "लग्नाआधी घरातल्या गेलेल्या माणसांना नमस्कार करायचा असतो. आईचा फोटो पाहिजे."

"कुटनं आणू फोटो?"

फोटो नव्हताच. पद्मा लहान असताना सुताला लावायची उकळती खळ तिच्या डाव्या गालावर सांडली होती. गाल भाजला तो भाजलाच. ती आपणहून कधी कॅमेऱ्यापुढे उभी राहिली नाही. लग्नात कुणीतरी एक फोटो काढला होता, तो तिनं स्वतः फाडून चुलीत घातला. मतदानाच्या कार्डावर एक काळा डाग होता, त्याला चेहरा म्हणायचं तर म्हणा.

"देवांचे चेहरे काढता," सुजाता म्हणाली. "देव कुठं बघितलाय तुम्ही? आईला तर बघितलंय." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "नसीमदीदी, सगळ्या मावश्या तिला भाजकी पद्मा म्हणतात. मला आईचा तो एक गाल तेवढा माहितीय. बाकीची आई कुठाय?"

तो डबा त्या दिवशी तसाच परत गेला.

दुसऱ्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत त्यांनी पद्माला काढायला घेतलं. समोरून चेहरा. कपाळ आलं, कुंकू आलं, आणि तिथंच गाडी अडली. डोळे काढायचे, पुसायचे. नाक काढायचे, पुसायचे. ज्या माणसानं हजार देवांना डोळे दिले, त्याला हे दोन डोळे जमेनात. मी मुद्दाम चिडवलं, "काय मास्तर, बायकोला विसरलात?" मला वाटलं नेहमीसारखे अंगावर येतील. ते म्हणाले, "समोरनं मी तिला बघितलीच न्हाय गं."

मग त्यांनी सांगितलं. तेव्हा माग घरातच होता. मास्तर मागावर बसायचे आणि पद्मा त्यांच्या डाव्या हाताला, त्यांच्यासारखंच तोंड करून, चरख्यावर सुताच्या कांड्या भरायची. म्हणजे तिचा उजवा गाल मास्तरांकडे. जागा तिनंच निवडलेली. जेवायला वाढताना पदर डाव्या गालावर. देवळात गेली तरी चालायची ती डावीकडूनच.

"लग्न झाल्यावर पहिल्यांदा बोललो ना आम्ही, तवा तिनं पदर ओढला," मास्तर म्हणाले. "मी मान फिरवली. म्हटलं, तुला नको असंल तर मी बघणार न्हाय. आणि न्हाय बघितला. ती जाईपर्यंत एकदाबी न्हाय." हे सांगताना त्यांची मान ताठ झाली होती. आपल्या मोरांबद्दल सांगताना व्हायची तशीच. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. म्हटलं, या खडूस माणसाच्या पोटात एवढी माया!

मीच म्हटलं, "मग बाजूनं काढा की. जशी दिसायची तशी."

त्यांनी माउस फडक्याला पुसला आणि नवीन जाळी उघडली.

मग काय सांगू. ती नुसती येत गेली. आधी कान, कानातलं तीन खड्यांचं फूल, मग हनुवटीची रेघ. तेल लावूनही कानामागे सुटलेली बट. केसांवर उडालेला सुताचा कापूस, तोसुद्धा काढला त्यांनी, एकेक कोरं घर सोडून. गालावरची सावली तर अशी भरली की मी चार पावलं मागे गेले आणि ओढणी तोंडाला लावली. स्क्रीनवर ती बसकी, गोबरी दिसत होती. मास्तर म्हणाले, "कापडावर उंच हुईल. होतीच उंच." काम करताना ते तिच्याशी बोलायचे, तेलुगूत. बहुतेक भांडायचेच. एकदा स्पष्ट ऐकलं, "मान वर कर, पोरगी बघणार हाय."

मालकांनी सुट्टीच्या दिवशी एक माग मोकळा करून दिला. मास्तर स्वतः उभे राहिले. विणताना वर दिसते ती कापडाची पालथी बाजू. तिथं रंगांची अदलाबदल असते, मरूनच्या जागी बिस्किटी, बिस्किटीच्या जागी मरून. पण पद्मा तिथं बरोबर त्यांच्या ओळखीची दिसत होती, उजव्या गालाची, आणि मास्तर तेवढ्यावरच खूश. कापड उतरल्यावर त्यांनी उलगडून बघितलंसुद्धा नाही. गुंडाळी केली, छातीशी धरली आणि घरी नेली. सगळ्यांसमोर उघडायची होती ना.

लग्नाच्या आदल्या दिवशी त्यांच्या घरी मीही होते. हळदीचा वास, बायकांची गर्दी, पोरांचा दंगा. मास्तरांनी खुंटीला कापड लावलं आणि गुंडाळी सोडली. पद्मा खरंच उंच आली होती. सुजाता हळदीच्या हातानं पुढे गेली आणि कापडाला बोट न लावता, नुसतं जवळ धरून, तो गाल बघत राहिली.

"किती छान होती," ती म्हणाली. "काहीच तर नाही गालाला."

पद्माची थोरली बहीण, सुजाताची पेद्दम्मा, चष्मा पुसत पुढे आली. तोंडाची फटकळ, पण मनानं वाईट नाही. तिनं कापडाकडे बघितलं, परत बघितलं.

"अरे यादगिरी," ती म्हणाली, "हा तर डावा गाल. भाजलेला गाल हाच की! ही आमची पद्मा न्हाय. कुणाला काढलंस रे?"

मास्तरांनी मान वर केली. कापडावरची पद्मा दुसरीकडे तोंड करून बसली होती. चित्र उलटं करायचं राहून गेलं होतं. ज्या माणसानं दोन भाषांत चिठ्ठी चिकटवली होती, त्याच्याच हातून.

त्यांनी घाईघाईनं कापड फिरवलं. पालथ्या बाजूला पद्मा उजव्या गालाची होती, अगदी बरोबर, पण रंग पालटलेले. तोंड काळवंडलेलं, केस पांढरे. "ही बघ, ही," ते सुजाताला म्हणत होते. "ही बरोबर हाय, रंगाकडं बघू नको." परत फिरवलं. परत. एका बाजूला उजळ आणि खोटी, दुसऱ्या बाजूला खरी आणि काळी. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या.

"नान्ना," सुजाता रडत म्हणाली, "मग यातली आई कुठली?"

मास्तर खुंटीखाली कापडाचं टोक धरून उभे होते. मला त्यांच्याकडे बघवेना. मी आत जाऊन उगाच पाणी प्यायले. दुसऱ्या दिवशी गुरुजींनी आईच्या जागी पाटावर सुपारी मांडली, आणि सुजातानं सुपारीला नमस्कार केला. कापड घडी करून माळ्यावर गेलं होतं.

लग्नानंतर मास्तर कामावर आले. मी विचारलं नाही, त्यांनीच सांगितलं. "उलटी केली होती गं मी. केली की ती परकी दिसायला लागली. दुसऱ्याचीच बायको बसल्यासारखी. मला बघवंना. म्हणून परत सुलटी केली. म्हटलं, देताना शेवटी करू."

"मग आता करू या की," मी म्हटलं. "एक बटण तर दाबायचं. परत विणून घेऊ. मालकांना मी बोलते."

"त्यानं काय हुईल? पोरगी म्हणंल, डावा लपवला. सगळी पद्मा पाहिजे तिला." त्यांनी माउस हातात घेतला. "डावी बाजूच ठेवतो. भाजलेलं काढतो त्यावर. खरं ते खरं."

भिवंडीहून सुजाताचा फोन यायचा. मास्तर म्हणायचे, "थोडंच राहिलंय." राहिला होता तो डागच. तो कसा होता हे त्यांना ठाऊक नव्हतं. ते पेद्दम्माकडे विचारायला गेले. तिनं कपाळावर हात मारला. "तू नवरा, आणि मला विचारतोस?" तरी तिनं बोट फिरवून दाखवलं, एवढा, रुपयाएवढा. धाकटी मावशी म्हणाली, छे, कानापर्यंत होता. शेजारची म्हातारी म्हणाली, डोळ्याखाली नुसती सुरकुती, बाकी काही नव्हतं, उगाच लाजायची पोरगी. तिघींनी तीन पद्मा सांगितल्या. मास्तर तिघींशीही भांडले नाहीत. तेव्हाच मला धास्ती वाटायला हवी होती.

पुढच्याच आठवड्यात सकाळी अंघोळीला म्हणून उठले आणि तिथंच कोसळले. सुजाता पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

मी त्यांना शेवटचं बघितलं ते त्याच्या आदल्या दिवशी. जेवणाची सुट्टी होती, माग बंद, सगळीकडे शांत. मी चहा घेऊन मागच्या खोलीत गेले. स्क्रीनवर पद्मा होती, डाव्या बाजूची. गालावरची सगळी सावली त्यांनी पुसून टाकली होती. तिथं नुसती कोरी घरं. मास्तरांनी एक घर भरलं, पुसलं. त्याच्या शेजारचं भरलं, पुसलं.

मी आल्याचं त्यांना कळलं. मान न वळवता म्हणाले, "नसीम, तू बाई हायेस. खरं सांग. मी बघितलं न्हाय, तर तिला बरं वाटलं असंल? का तिला वाटलं असंल, ह्याला किळस येती म्हणून बघत न्हाय?"

रोज त्यांच्या तोंडाला तोंड देणारी मी. "चहा घ्या मास्तर, गार होतोय," एवढंच म्हटलं.

त्यांनी चहाकडे बघितलं नाही. माउस सोडून दिला, चष्मा काढला आणि स्क्रीनच्या इतके जवळ गेले की त्यांचा श्वास काचेवर उमटला. मग अगदी हळू, मला ऐकू जावं म्हणून नव्हेच, तेलुगूत म्हणाले, "दाखव की गं आता. बघतो मी."